भिंतीचा ताप

चौदावा मजला, पश्चिमेची भिंत,
दुपारचे तीन चाळीस.
मी यंत्र रोखते. लाल ठिपका प्लास्टरवर थरथरतो, मग ठरतो.
बाहेरून एकोणपन्नास. आतून चौतीस.
मी लिहिते: पास.

भिंतीच्या कपाळाला हात लावून
ताप किती ते सांगायचा मला पगार आहे.
तीन वर्षांमागे हे काम नव्हतंच.
आधी संहिता आली. आईनं विचारलं, म्हणजे काय गं?
म्हटलं, घरांची पोथी.
भिंतीनं किती तापावं, खिडकीनं किती उघडावं,
सगळं लिहिलंय त्यात.
आणि बांधणाऱ्यानं काय खावं?
हे आई म्हणाली नाही. मला आत्ता सुचलं.

पोथीत लाल विटेचा पाड लागत नाही.
राखाडी ब्लॉक चालतो, पावासारखा फुगलेला, पोटात हवा.
एका ब्लॉकात नऊ विटा बसतात.
दुर्गव्वा मावशी नऊच उचलायची,
चुंबळीवर फळी, फळीवर नऊ, जिन्याला कठडा नाही.
म्हणजे हिशेबानं मावशी एका ब्लॉकात बसली,
आणि ब्लॉक लिफ्टनं वर जातो.

नर्सय्या मुकादमाची वही मी पाहिलीय.
बायांची नावं एका पानावर मावत नसत.
आता दोन नावं, आणि खाली उरलेल्या जागेत
त्याच्या पोराचे एकोणतीसचे पाढे.

भांडुपच्या गाळ्यात मुनव्वरचं मात्र बरं चाललंय.
सरकत्या खिडकीचं अर्धं तोंड कायम बंद,
म्हणून पोथी तिला अर्धीच मोजते.
सगळ्यांना आता बिजागरीची हवी, पुरती उघडणारी.
दोन पोरं ठेवलीत त्यानं, एक मुंब्र्याचा, एक इथलाच.
म्हणतो, ताई, सरकती खिडकी गेली की गेली.
बिजागरी करकरते.
करकरली की माणसाला माझा नंबर आठवतो.

मागल्या महिन्यात ऑफिसात पडद्यावर आलेख दाखवला.
रोजगार. हिरवी दांडी वर चढत गेलेली.
त्या दांडीत मी आहे, मुनव्वरची पोरं आहेत.
मावशी कुठल्या दांडीत, विचारायला
मी हात वर केला.
सगळे वळले.
मी केसांतली पिन नीट केली.

रविवारी मानखुर्दला मावशीकडे गेले.
तिनं चहा टाकला आणि विचारलं,
तुझ्या त्या भिंतींना पाणी कोण मारतं आता?
म्हटलं, कोणी नाही. ब्लॉक केमिकलनं चिकटवतात, पाणी लागत नाही.
ती थांबली. गाळणी हातातच.
सात दिवस पाणी मारायचं म्हणजे
सात दिवसांची हजेरी असायची.
तहान नसलेली भिंत, ती म्हणाली,
अशा भिंतीचं माणसाला काय कळणार?

तिच्या पत्र्यावर यंत्र रोखलं. अठ्ठावन्न.
ती हसली, हा नापास ना?
म्हटलं, पोथी इथवर येत नाही.

मग मी गच्चीवरच्या सोसायटीवाल्यांशी बोलले.
सौर पाट्या धुवायला माणूस हवं होतं,
समोरच्या खोदकामाची धूळ बसते,
आठवड्यातून दोनदा, सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत.
दोनदा म्हणजे दोनदाच. बाकी पाच दिवस
ती नाक्यावर उभी असते, मला माहीत आहे.

काल गेले होते वर.
बादली, लांब दांड्याचा फडका, पदर खोचलेला.
डोक्यावर काही नाही, तरी मान तशीच ताठ,
नऊ विटांची.
मला बघून म्हणाली,
जन्मभर भिंतींना पाणी पाजलं.
ह्यांना नुसती आंघोळ.
एक थेंब पीत नाहीत मेले,
आणि वीज म्हणे ह्यांच्यातून निघते.

मग फडका पिळला,
आणि ते पाणी, सवयीनं,
कठड्याच्या भिंतीवर मारलं.